पशुप्रजननाच्या विशेषज्ञ परीक्षा: डोळा आणि डोकं कसोटीला, हात मात्र बाहेरच

पशुप्रजननात 'डिप्लोमेट', म्हणजे परीक्षा देऊन प्रमाणित झालेला विशेषज्ञ, व्हावं का, असा विचार करणाऱ्या पशुवैद्यकांसाठी हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: परीक्षा म्हणून या परीक्षा उत्तम आहेत. पाठांतरावर निभावून नेणाऱ्याला त्या बरोबर पकडतात, आणि एकाच जातीच्या जनावरांत रमलेल्याला बाकीच्या जातींचा कसून अभ्यास करायला लावतात. पण या शाखेचं निम्मं कौशल्य हातात असतं, आणि तो हात तपासण्याची सोय परीक्षेच्या खोलीत नसते. हे ध्यानात ठेवूनच त्यांची किंमत ठरवावी.

अमेरिकेत हे प्रमाणपत्र अमेरिकन कॉलेज ऑफ थेरिओजेनॉलॉजिस्ट्स देतं. १९७१ मध्ये ही संस्था स्थापन झाली. 'थेरिओजेनॉलॉजी' हा शब्द ग्रीक मुळांवरून जुळवलेला आहे: 'थेरिओ' म्हणजे पशू आणि 'जेन' म्हणजे उत्पत्ती. नराचं वीर्य, मादीचा माज, गाभणकाळ, प्रसूती, वांझपण, भ्रूण प्रत्यारोपण, सगळं त्यात आलं. युरोपात हेच काम युरोपियन कॉलेज ऑफ अॅनिमल रिप्रॉडक्शन करतं, आणि ते युरोपियन बोर्ड ऑफ व्हेटरिनरी स्पेशलायझेशनच्या छत्राखाली येतं. दोन्हींत सर्वांत मोठा फरक जातींचा. अमेरिकी परीक्षेत गाय, घोडी, मेंढी, शेळी, डुकरीण, कुत्री, मांजर आणि लामा-अल्पाका हे सगळं एकाच उमेदवाराला येणं अपेक्षित असतं. युरोपात तुम्ही आपली जात निवडता आणि त्या जातीचे विशेषज्ञ म्हणून ओळखले जाता.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कॉलेजचा रस्ता वेगळा आहे. तिथे मेंबरशिप आणि फेलोशिप असे दोन टप्पे आहेत. मेंबरशिपला लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते, आणि नोकरी सांभाळून ती देता येते. पण मेंबरशिप मिळाली म्हणजे विशेषज्ञ झालो असं नाही, त्यासाठी फेलोशिपच लागते. अर्ज करण्याआधी अनेकांची इथेच गल्लत होते आणि दोन वर्षं भलत्याच तयारीत जातात.

बहुतेक ठिकाणी परीक्षेचा गाभा सारखाच असतो: बहुपर्यायी प्रश्न, सविस्तर उत्तरं, आणि चित्रांवरून निदान. कुठल्या भागाला किती गुण आणि किती वेळ, हे नियम बदलत असतात. त्यामुळे त्या वर्षीची उमेदवार-पुस्तिका समोर ठेवूनच वेळापत्रक आखा, वरच्या वर्षातल्या कुणाच्या आठवणीवर विसंबू नका.

बहुपर्यायी भाग सोपा वाटतो, पण माणसं सर्वांत जास्त इथेच घसरतात. प्रश्न आकड्याचा दिसतो आणि उत्तर मात्र कारणात दडलेलं असतं. नमुना म्हणून असा प्रश्न घ्या: गाभण असताना दोन्ही बीजांडकोश काढून टाकले, तर कुठल्या जातीत गर्भपात होईल? गाभणकाळ पाठ असून इथे काही उपयोग नाही. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन त्या जातीत कुठून येतं, हे माहीत हवं. शेळी, डुकरीण, कुत्री आणि लामा यांच्यात शेवटपर्यंत ते पीतपिंडातूनच (बीज सुटल्यावर बीजांडकोशात तयार होणाऱ्या ग्रंथीतूनच) येतं, म्हणून बीजांडकोश कधीही काढा, गर्भ पडणारच. मेंढीत साधारण ५० दिवसांनंतर वार ते काम हाती घेते. घोडीत साधारण १०० दिवसांनंतर वार पुरेशी ठरते. गायीत साधारण १५० दिवसांपर्यंत पीतपिंडावाचून चालत नाही, तिथून सुमारे २५० दिवसांपर्यंत वार सांभाळून घेते आणि शेवटी शेवटी पुन्हा पीतपिंडाचं महत्त्व वाढतं.

याच माहितीवर लगेच दुसरा प्रश्न बेतलेला असतो: सहा महिन्यांची गाभण कालवड, गर्भ पाडायचा आहे, काय द्याल? नुसतं प्रोस्टाग्लँडिन लिहिलं तर गुण गेले. ते पीतपिंड विरघळवतं, पण या काळात वारेचं प्रोजेस्टेरॉन चालूच राहतं. २५ मिलिग्रॅम डायनोप्रॉस्टबरोबर (हे प्रोस्टाग्लँडिनच) २५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर दोन्ही स्रोत बंद होतात. एकच कारण समजलं की दोन्ही उत्तरं आपोआप येतात. न समजता पाठ केलं तर दोन्ही चुकतात. प्रश्न काढणाऱ्यांना मनापासून दाद द्यावी अशी ही रचना आहे.

घोडीचे प्रश्न याच धाटणीचे. जुळं दिसलं तर १६ व्या दिवसाच्या आत एका गर्भाची पिशवी दाबून फोडायची, कारण तोवर दोन्ही पिशव्या गर्भाशयात फिरत असतात आणि एकमेकींपासून दूर नेता येतात. १६ व्या दिवसाच्या सुमाराला त्या जागी पक्क्या होतात. दोन्ही एकाच शिंगात शेजारीशेजारी चिकटल्या तर एक फोडताना दुसरीही जाण्याची भीती असते. आणि ३५ व्या दिवसानंतर आणखी एक कुलूप लागतं. गर्भाशयाच्या अस्तरात एंडोमेट्रियल कप नावाच्या गाठी तयार होतात, त्या साधारण १२० दिवसांपर्यंत ईसीजी हे गाभणपणातलं संप्रेरक बनवत राहतात, आणि तोवर गर्भ मेला तरी घोडी वेळेत माजावर येत नाही. 'घोडी ४५ दिवसांची असताना गर्भ गेला, मालक विचारतो पुढचा माज कधी' असा प्रश्न आला तर परीक्षकाला हे कप आठवलेले हवे असतात. याच घोडीची ईसीजीवरून गाभण तपासणी केली तर गर्भ नसतानाही ती गाभण दिसेल, हा त्याच प्रश्नाचा दुसरा सांधा.

कुत्रीच्या प्रश्नांत दोन सापळे ठरलेले. पहिला एककाचा. काही प्रयोगशाळा प्रोजेस्टेरॉन नॅनोग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ३.१८ नॅनोमोल प्रति लिटर. अहवालात १६ लिहिलंय आणि एकक नॅनोमोल आहे, तर कुत्री ५ नॅनोग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे बीजं आत्ता सुटत आहेत. तोच आकडा नॅनोग्रॅम समजून वाचला तर फलनाची वेळ निसटत चालली असं वाटून घाईने रेतन होतं. दुसरा सापळा पिल्लांच्या तारखेचा. मिलनाच्या दिवसापासून मोजलं तर गाभणकाळ ५७ ते ७२ दिवस इतका सैल भरतो, कारण कुत्र्याचे शुक्राणू मादीच्या अंगात बरेच दिवस जगतात आणि सुटलेलं बीजही पक्व व्हायला दोन-तीन दिवस घेतं. एलएच या बीज सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या उसळीपासून ६५, बीज सुटल्यापासून ६३ आणि योनीच्या पेशी तपासून ठरलेल्या डायइस्ट्रसच्या (माज संपल्यानंतरच्या काळाच्या) पहिल्या दिवसापासून ५७, प्रत्येकी एखादा दिवस मागेपुढे. सिझेरियन कधी करायचं हे ठरवताना यातली कुठली तारीख हातात आहे, हे प्रश्नात कुठेतरी अर्ध्या ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा.

चित्रांचा भाग या परीक्षेचा प्राण आहे. वीर्याचे रंगवलेले स्मिअर (काचेवर पसरलेले नमुने), गर्भाशयाच्या बायोप्सी, सोनोग्राफीचे पडदे, पडलेले गर्भ, वारेचे तुकडे, बघून नाव सांगायचं आणि पुढे काय करणार तेही सांगायचं. एक चित्र जवळून पाहू. वळूच्या वीर्याचा इओसिन-निग्रोसिन स्मिअर: काळपट पार्श्वभूमीवर पांढरे शुक्राणू, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची शेपटी मधल्या भागाच्या टोकाशी केसाच्या पिनेसारखी दुमडलेली. घाईत असलेला उमेदवार 'डिस्टल मिडपीस रिफ्लेक्स' लिहितो आणि वळू नापास करतो. थांबा, त्या वळणात नीट बघा. वाकणात पेशीद्रवाचा बारीक थेंब अडकलेला दिसतोय का? दिसत असेल तर दोष खरा, एपिडिडिमिसमध्येच (शुक्राणू जिथे पक्व होतात आणि साठतात त्या वृषणालगतच्या नळीतच) तयार झालेला. थेंब नसेल तर स्मिअर करताना काहीतरी बिघडल्याची शक्यता मोठी: काच थंड होती, रंग थंड होता किंवा रंगद्रव्यातल्या क्षारांचं प्रमाण कमी पडलं. अशा वेळी बरोबर उत्तर म्हणजे काच, रंग आणि पिपेट ३७ अंशांना ठेवून पुन्हा स्मिअर करणं, आणि सोबत बफर फॉर्मॅलिनमध्ये थोडा नमुना ठेवून तो फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. चांगला वळू खाटकाकडे जाण्यापासून वाचवणारं हे ज्ञान आहे, त्यामुळे परीक्षेने त्यावर गुण ठेवले तर ते योग्यच.

वळूच्या तपासणीचे अमेरिकी निकष तर तोंडपाठच हवेत: दोन वर्षांवरच्या वळूला अंडकोषाचा घेर किमान ३४ सेंटिमीटर, पुढे धावणारे शुक्राणू किमान ३० टक्के, आकाराने निर्दोष किमान ७० टक्के. हालचालीची अट ३० वरच आहे हे वाचून बरेच जण चपापतात. कारण साधं आहे. शेतावर थंडीवाऱ्यात, धुळीत हालचाल मोजताना ती खोटी कमी दिसते, आकारातले दोष मात्र तसे फसवत नाहीत, म्हणून भर आकारावर आहे. आणखी एक मुद्दा हमखास सुटतो: निकष न गाठणारा प्रत्येक वळू 'अपात्र' नसतो. तरुण आहे, नुकताच तापला होता, तर त्याला 'राखून ठेवलेला' म्हणतात आणि पुन्हा तपासतात. कधी? वळूत शुक्राणू बनायला ६१ दिवस लागतात, वर एपिडिडिमिसमधला प्रवास आठवडा-दीड आठवड्याचा. म्हणून ६० ते ७० दिवसांनी. बोकड-मेंढा, घोडा, डुक्कर, कुत्रा यांचे आकडे वेगळे. डुकराचं चक्र सर्वांत लहान, साधारण ३९ दिवसांचं.

सविस्तर उत्तरांत गुण कुठे जातात? बहुतेक वेळा दिशेत. गायीच्या गर्भाशयाला पीळ पडलाय, लोळवून सोडवायचंय, पायऱ्या लिहा, असा प्रश्न येतो. गायीत पीळ बहुधा मागून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे डावीकडे असतो. गुदमार्गातून हात घातला की उजव्या बाजूचा रुंद बंध (गर्भाशयाला धरून ठेवणारा पडदा) गर्भाशयाच्या वरून ताणलेला लागतो आणि डावा खालून गेलेला. आता गायीला डाव्या कुशीवर पाडायचं, वरच्या कुशीवर फळी ठेवून तिच्यावर एकाने उभं राहायचं आणि गायीला पाठीवरून उजव्या कुशीवर हळू लोळवायचं. म्हणजे पिळाच्याच दिशेने. इथे अनेकांची बुद्धी उलटं सांगते, 'पीळ डावीकडे, मग उजवीकडे फिरवा'. पण फळीने गर्भाशय जागी धरून ठेवलंय आणि आपण फिरवतोय ते गायीचं शरीर. शरीर गर्भाशयाला गाठतं, तेव्हा पीळ सुटतो. ही एक ओळ कारणासह लिहिली की परीक्षकाला दुसरं काही विचारावं लागत नाही. म्हशीत पीळ बहुधा उजवीकडे असतो, तेव्हा सगळंच उलटं होतं. म्हशीबद्दल मात्र या परीक्षांत फार कमी विचारतात, ही त्यांची खरी उणीव.

गर्भपाताच्या निदानावरचे प्रश्न मोठे असतात आणि तिथे उत्तराला शिस्त लागते. आधी काय पाठवणार ते लिहा: पूर्ण गर्भ, वारेचा तुकडा त्याच्या बटणांसह (वार गर्भाशयाला जिथे जोडलेली असते त्या गाठींसह), आईचं रक्त आज आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. वार न पाठवता नुसता गर्भ पाठवला तर कितीतरी रोग हातचे निसटतात. मेंढीच्या वारेच्या बटणांवर पांढरे ठिपके म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा डोळ्यांसमोर यायला हवा, गर्भाच्या यकृतावर चकतीसारखे डाग म्हणजे कॅम्पायलोबॅक्टर. डुकरिणीच्या एकाच वेतात वेगवेगळ्या आकारांची वाळलेली पिल्लं म्हणजे पार्व्होव्हायरस, कारण विषाणू एका पिल्लाकडून शेजारच्या पिल्लाकडे हळूहळू सरकतो आणि प्रत्येक पिल्लू वेगळ्या वयात मरतं. हाताळणाऱ्याला होणारे रोग एका ओळीत तरी लिहाच. ब्रुसेला आणि क्लॅमिडियाच्या उत्तरात हातमोजे आणि गरोदर स्त्रियांना लांब ठेवणं विसरलं तर तो नुसत्या गुणांचा प्रश्न राहत नाही.

आता तक्रारीकडे. रेक्टल तपासणी, अडलेल्या जनावराचं वासरू फिरवणं, भ्रूण काढणं, घोडीची बायोप्सी घेणं, यांतलं काहीही लेखी पेपरवर सिद्ध होत नाही. ते सिद्ध होतं रेसिडेन्सीत, म्हणजे विशेषज्ञांच्या हाताखालच्या प्रशिक्षणात, आणि केसच्या नोंदवहीत. अमेरिकेत किमान दोन वर्षांची रेसिडेन्सी, युरोपच्या नियमित मार्गात तीन वर्षांची, आणि त्याआधी बहुधा फिरती इंटर्नशिप. म्हणजे हाताचा दर्जा कुठल्या संस्थेत, कुठल्या गुरूखाली आणि किती जनावरांवर शिकलात यावरच ठरतो. दोन उमेदवार एकाच दिवशी पास होऊ शकतात आणि त्यांतल्या एकानेच हजारभर गायींना हात लावलेला असू शकतो. म्हणून परीक्षेच्या तयारीपेक्षा रेसिडेन्सीची निवड जास्त चोखंदळपणे करा. तिथे विचारायचे प्रश्न साधे आहेत: आठवड्याला किती गायी-घोड्या मी स्वतः तपासणार? रात्रीच्या अडलेल्या केसला हात माझा की वरिष्ठांचा? वीर्य गोठवणं मी स्वतः करणार की नुसतं बघणार? मेंढ्या-डुकरं कुठे मिळणार?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. कुत्री-मांजराच्या दवाखान्यात शिकलेल्यांची नोंदवही एका बाजूला झुकते, गोठ्यात शिकलेल्यांची दुसऱ्या बाजूला, आणि मेंढी-डुकरांचे रकाने दोघांचेही रिकामे राहतात. पात्रतेची छाननी परीक्षेच्या आधी होते आणि अर्ज तिथेच अडकतो. नोंद त्याच दिवशी लिहा. जनावराचं वय, कितवं वेत, निदान, काय केलं, पुढे काय झालं. सहा महिन्यांनी जुन्या पावत्या उकरून लिहिलेल्या नोंदीत 'पुढे काय झालं' हाच रकाना कोरा असतो, आणि छाननी करणारे नेमकं तिथेच बोट ठेवतात. शोधनिबंधाचं असंच. लिहायला तीन महिने लागले तरी परीक्षण, दुरुस्ती आणि स्वीकृती यांत वर्ष निघून जातं, त्यामुळे विषय रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षातच ठरलेला बरा.

तयारीला एक वर्ष धरा. पहिले चार महिने शरीरक्रिया, सगळ्या जाती एकत्र. जातवार वाचू नका, विषयवार वाचा. 'गर्भाची चाहूल आईला कशी लागते' हा एक विषय घेतला की गायीतला इंटरफेरॉन टाउ (गर्भाने सोडलेलं प्रथिन), डुकरिणीच्या गर्भाचं ११-१२ व्या दिवसाचं इस्ट्रोजेन आणि घोडीच्या पिशवीचं गर्भाशयभर फिरणं शेजारीशेजारी मांडता येतं. तसंच ते डोक्यात टिकतं. मोठ्या कागदावर हाताने तक्ता काढा आणि दर आठवड्याला न बघता पुन्हा काढा. पुढचे चार महिने रोग आणि शस्त्रक्रिया, सोबत मागच्या काही वर्षांतले शोधनिबंध. शेवटचे चार महिने फक्त चित्रं आणि लेखन. रोज किमान वीस चित्रं, उत्तर आधी लिहून मग बघायचं. आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून हाताने सविस्तर उत्तर. इंग्रजीत विचार करायची सवय नसेल तर हा भाग दुप्पट करा. माहिती असूनही शब्द जुळवण्यात वेळ जातो, आणि अर्धा पेपर कोरा राहतो तो असाच.

अभ्यासगटाचा फायदा मोठा, पण गट चार जणांच्या वर नको आणि सगळे एकाच जातीचे नकोत. घोड्यांचा माणूस, गायींचा माणूस, कुत्र्यांचा माणूस असे जमले तर उत्तम.

ही परीक्षा कुणी देऊ नये? ज्यांना फक्त गोठ्यावरचं काम सुधारायचंय, त्यांनी. सोनोग्राफी, भ्रूण प्रत्यारोपण किंवा कळपाच्या प्रजनन-व्यवस्थापनाचं चांगलं प्रत्यक्ष प्रशिक्षण त्यांना कमी वेळात जास्त देईल. विद्यापीठात शिकवायचंय, रेफरलचं काम करायचंय, वीर्य केंद्र किंवा घोड्यांचं मोठं प्रजनन केंद्र सांभाळायचंय, त्यांच्यासाठी मात्र हे प्रमाणपत्र दार उघडतं. वर, अवघड केसमध्ये कुणाला विचारायचं हेही कळतं, कारण त्याच वाटेने गेलेली माणसं ओळखीची होतात.

पास झाल्यावर नोंदवही बंद करू नका. युरोपात दर पाच वर्षांनी पुनर्मूल्यांकन होतं. अमेरिकेतही अलीकडची विशेषज्ञ प्रमाणपत्रं कायमची नसतात, मुदतीची असतात. परिषदांची हजेरी, व्याख्यानं, निबंध, रेसिडेंटला शिकवल्याचे तास, हे सगळं पहिल्या महिन्यापासून एका वहीत तारखेसह टिपत गेलात तर पाचव्या वर्षी अर्ज भरायला एक संध्याकाळ पुरते.